ओढ्याच्या पाण्याने नासलेली जमीन: झाडांना आणि जिवाणूंना काय जमते, काय जमत नाही

एप्रिल-मे महिन्यात ओढा कोरडा पडायला हवा. तो वाहत असेल, पाण्यावर फेस किंवा तेलाचा तवंग असेल, तर ते पाणी पावसाचेही नाही आणि झऱ्याचेही नाही, ते कारखान्याचे किंवा गटाराचे आहे. पण उभा ऊस वाळताना डोळ्यांसमोर दिसत असतो, मोटर बसवलेली असते, आणि माणूस ते पाणी घेतो. चार-पाच वर्षांनी पाटाच्या तोंडाशी पीक पिवळे पडू लागते, पालक उगवतच नाही, विहिरीच्या पाण्याला वास येतो. मग धावपळ सुरू होते. कोणी सांगतो मोहरी लावा, कोणी सांगतो अमुक कंपनीचे जिवाणू सोडा, कोणी सांगतो जीवामृत द्या, सगळे ठीक होईल.

यातले काहीही करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे काम तिच्यावर उभे आहे. मातीत गेलेले विष दोन जातींचे असते. डिझेल, ऑईल, कीटकनाशके, तणनाशके ही कार्बनची संयुगे असतात. जिवाणू ती खाऊन मोडतात आणि शेवटी त्यांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम हे धातू म्हणजे मूलद्रव्ये आहेत. ते मोडत नाहीत. कोणताही जिवाणू शिशाचे दुसरे काही करू शकत नाही. तो फार तर त्याचे रूप बदलतो. धातू एक तर पिकातून उचलून शेताबाहेर न्यावा लागतो, नाहीतर मातीतच असा जखडून ठेवावा लागतो की मुळांना तो मिळणार नाही. म्हणून ‘जड धातू खाणारे जिवाणू’ असे लिहिलेली बाटली विकायला कोणी आला, तर पैसे जपून ठेवा. ते मातीच्या तपासणीला लागणार आहेत.

आधी पाण्याची वाट बंद करा

जोवर घाण येत राहते तोवर सगळे उपाय वाया जातात. ओढ्यावरची मोटर काढा. पुराचे पाणी ज्या सखल बाजूने आत शिरते तिथे बांध उंच करा आणि बांधाच्या आतल्या बाजूने चारी खणून पाणी शेताबाहेर वळवा. विहीर ओढ्यालगत असेल तर तिचे पाणीही तपासा, कारण झिरपा तिथे पोचलेला असू शकतो.

कागदपत्रे याच वेळी तयार करा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तारखेसह फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात कलम 15 प्रमाणे नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्च मागता येतो, पण त्यासाठी नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून 5 वर्षांची मुदत आहे. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. जमीन सुधारण्याच्या नादात ही मुदत निघून गेली, तर ज्याने घाण केली तो मोकळा आणि खर्च तुमच्या डोक्यावर. आणखी एक: शेतात औषध, खत, चुना काहीही टाकण्याआधी नमुने घ्या. नंतर घेतलेल्या नमुन्यावर समोरचा वकील बोट ठेवणारच.

मातीचा नमुना: नेहमीसारखा नको

नत्र-स्फुरद-पालाशसाठी आपण सगळ्या शेतातून माती गोळा करतो आणि एकच नमुना देतो. इथे तसे केले तर नासलेली आणि चांगली माती मिसळते आणि अहवाल ‘ठीक’ येतो. शेताचे पाण्याच्या वाटेप्रमाणे तीन भाग करा: पाटाचे तोंड, मधला भाग, शेवट. प्रत्येक भागात 15 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन 15 सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा आणि शेवटी अर्धा किलो ठेवा. पाटाच्या तोंडाशी 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर खोलीचे नमुनेही घ्या. विष किती खाली उतरले आहे ते त्यावरून कळेल.

जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे घमेले वापरू नका, त्यातले जस्त नमुन्यात उतरते. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी किंवा स्टीलचे खुरपे घ्या. तेलाचा संशय असेल तर ती माती प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. काचेच्या बरणीत गच्च भरा, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. नाहीतर हलके तेल वाटेतच उडून जाते.

सगळ्यात महत्त्वाचा नमुना मात्र तुमच्या शेतातला नाही. ओढ्याचे पाणी कधीच न घेतलेल्या, त्याच प्रकारच्या मातीच्या शेजारच्या शेतातला एक नमुना जोडीला द्या. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झाली आहे आणि त्या खडकात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच बरेच असते. परदेशी तक्त्याशी ताडून पाहिले तर विदर्भ-मराठवाड्यातली निर्मळ काळी जमीनसुद्धा दूषित ठरेल. शेजारच्या शेतात निकेल तेवढेच असेल, तर ते कारखान्याचे नव्हे, खडकाचे आहे.

कृषी विज्ञान केंद्रात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासून मिळतात. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, तेल आणि कीटकनाशकांचे अंश यांसाठी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली प्रयोगशाळा लागते. धातूंचे दोन आकडे मागा: एकूण, आणि डीटीपीए द्रावणात उतरणारे, म्हणजे साधारणपणे मुळांना मिळू शकणारे. पिकाच्या दृष्टीने दुसरा आकडा जास्त बोलका असतो.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरी एक परीक्षा घ्या. दोन कुंड्या, एकीत नासलेली माती, एकीत शेजारची. दोन्हींत मेथीचे 20-20 दाणे टाका आणि दहा दिवस पाहा. तेल, क्षार, तणनाशक यांचा त्रास असेल तर फरक लगेच दिसतो. कॅडमियम मात्र या परीक्षेत सापडत नाही, आणि तेच भय आहे. कॅडमियम असलेल्या जमिनीत पालक हिरवागार, जोमदार येऊ शकतो.

तेल सांडले असेल तर

हा त्यातल्या त्यात सुटणारा प्रश्न आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू घडवला आणि 1980 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पेटंट देता येते असा निकाल दिला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्यामुळे तेलासाठी बाहेरचा खास जिवाणू आणावाच लागतो असा समज झाला आहे. पण 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचे तेल किनाऱ्यावर पसरले, तेव्हा जिवाणूंकडून तेल मोडून घेण्यासाठी तिथे मुख्यतः खत टाकले गेले. तेल खाणारे जिवाणू किनाऱ्यावर होतेच. त्यांच्यापुढे कार्बनचे ताट भरलेले होते, कमी होते ते नत्र आणि स्फुरद. आपल्या मातीतही असे जिवाणू असतात. तेलगळती मोठी आणि जुनी असेल तर टेरी या संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑईलझॅपर’सारख्या जिवाणू मिश्रणाचा विचार करावा. शेतातल्या छोट्या गळतीला खत, हवा आणि ओल पुरते.

आधी साचलेले तेल भुशाने किंवा लाकडाच्या चुऱ्याने टिपून घ्या. पाणी मारून धुऊ नका, ते खाली उतरेल. विडी-सिगारेट लांब ठेवा. मग खराब माती खणून एका कडेला वाफा करा: खाली जाड प्लॅस्टिक, चारी बाजूंना बांध, वर 20 ते 30 सेंटिमीटर मातीचा थर. त्यात दहाव्या हिश्शाने चांगले कुजलेले शेणखत मिसळा.

खताचा हिशोब असा. कार्बन, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण 100:10:1 ही वरची मर्यादा धरा. मातीत 1 टक्का तेल असेल तर एका टन मातीत 10 किलो तेल, म्हणजे सुमारे साडेआठ किलो कार्बन. त्याला 850 ग्रॅम नत्र लागेल, म्हणजे साधारण 1 किलो 850 ग्रॅम युरिया. स्फुरदासाठी सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. युरिया एकदम टाकला तर अमोनियाने जिवाणूच मरतील. चार हप्त्यांत, दोन-दोन आठवड्यांनी द्या. निम्म्या मात्रेवर काम चालले तर तिथेच थांबा. तेल 5 टक्क्यांहून जास्त असेल तर जिवाणूंना ते सोसत नाही, आधी चांगली माती मिसळून ते खाली आणावे लागते.

ओल वाफशाएवढी हवी. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा फावड्याने किंवा रोटाव्हेटरने वरखाली करा, कारण तेल मोडणाऱ्या बहुतेक जिवाणूंना हवा लागते. उन्हाळ्यात वर उसाचे पाचट पसरा, पावसाळ्यात ताडपत्री टाका. पाचट मातीत मिसळू मात्र नका. त्यातला कार्बन जिवाणूंना तेलापेक्षा सोपा वाटतो आणि दिलेले नत्र त्याच्याकडेच जाते.

डिझेलचा वास पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बराच कमी होतो. वास गेला म्हणजे तेल गेले असे नाही. हलका भाग आधी उडतो आणि मोडतो, जड भाग मागे राहतो. दर दोन महिन्यांनी एकूण तेलाची तपासणी करा. आकडा खाली येऊन अडला, की वाफ्यावर लसूणघास किंवा कडवळ पेरा. मुळांभोवती जिवाणूंची गर्दी होते आणि उरलेल्या कामाला वेग येतो. हा चारा जनावरांना घालायचा नाही.

कीटकनाशके आणि तणनाशके

तणनाशकाचा त्रास आपल्याकडे कारखान्यामुळे नव्हे, आपल्याच हाताने होतो. मक्याला किंवा उसाला ॲट्राझिन जास्त पडले की पुढचे सोयाबीन किंवा भाजीपाला करपतो. अशा जमिनीत मका किंवा ज्वारी दाट पेरा. ही पिके ॲट्राझिन आत घेऊन आपल्या पेशींत निष्प्रभ करतात, म्हणून तर ते त्यांना मारत नाही. सोबत शेणखत आणि ओल टिकवली की एका हंगामात जमीन बहुधा मोकळी होते. पुढचे पीक घेण्याआधी वरची मेथीची परीक्षा पुन्हा करा.

जुनी क्लोरीनयुक्त औषधे चिवट असतात. डीडीटीचा शेतीतला वापर 1989 मध्ये बंद झाला, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली, तरी जिथे वर्षानुवर्षे भुकटी धुरळली किंवा जिथे औषधांचे गोदाम होते तिथल्या मातीत अंश सापडू शकतात. लिंडेन मोडणारे जिवाणू भारतीय संशोधकांनी 1990 साली उसाच्या मुळांजवळच्या मातीतूनच वेगळे केले होते, म्हणजे निसर्गात सोय आहे, फक्त ती मंद आहे. शेणखताचा भरपूर वापर करा आणि जमीन पाळीपाळीने ओली-कोरडी ठेवा, कारण या औषधांचे काही टप्पे हवेशिवायच मोडतात आणि काहींना हवा लागते. अशा शेतात भोपळा, काकडी, दोडका लावू नका. वेलवर्गीय पिके डीडीटी, डायल्ड्रिनसारखे पदार्थ इतर पिकांपेक्षा जास्त उचलतात.

जड धातू: पेरण्याआधी हिशोब

इथे सगळ्यात जास्त आशा विकली जाते, म्हणून इथे थांबून आकडे मांडू.

एक एकर जमिनीचा 15 सेंटिमीटरचा थर ढोबळमानाने 9 लाख किलोचा असतो. भारतात संदर्भासाठी कॅडमियमची 3 ते 6 आणि शिशाची 250 ते 500 मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा वापरली जाते. समजा तुमच्या मातीत कॅडमियम 5 आहे आणि ते 3 वर आणायचे आहे. म्हणजे एकरातून 1 किलो 800 ग्रॅम कॅडमियम बाहेर काढायचे. मोहरीसारख्या पिकाचा वाळलेला पाला-काडी एकरी 4 टन मिळाला आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम आले असे उदारपणे धरले, तरी एका पिकात 80 ग्रॅम निघते. 23 पिके लागतील. वर्षाला दोन घेतली तरी साडेअकरा वर्षे, आणि सहज मिळणारा धातू आधी संपतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त.

शिशाचे तर विचारूच नका. 500 वरून 250 वर यायचे तर एकरात 225 किलो शिसे काढावे लागेल. पिकात किलोमागे 100 मिलिग्रॅम आले तरी एका हंगामात 400 ग्रॅम. साडेपाचशेहून जास्त पिके. काही प्रयोगांत ईडीटीए हे धातूला मातीपासून सोडवणारे रसायन टाकून मोहरीला जास्त शिसे उचलायला लावले गेले. ते खरे आहे, पण ईडीटीएने सुटलेले शिसे सगळे मुळांत जात नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरून विहिरीत जाते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे चिलेट थोडे फवारणे वेगळे आणि हे वेगळे. शेतात हा प्रयोग करू नका.

जपानमधल्या जिन्झू नदीकाठी खाणीच्या पाण्यातून भातशेतीत कॅडमियम गेले आणि माणसांची हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ आजार पसरला. तिथल्या सरकारने झाडांवर भिस्त ठेवली नाही, दूषित मातीवर नवी माती आणून टाकली. त्या कामाला 30 वर्षांहून जास्त काळ लागला. हे सांगतो ते घाबरवायला नाही. कॅडमियम थोडेच जास्त असेल तर पिकातून काढण्याचा मार्ग धरता येतो. इतर बहुतेक ठिकाणी धातू जखडून ठेवणे हाच शहाणा मार्ग आहे, आणि तो परवडणाराही आहे.

जखडायचे कसे, ते सामूवर ठरते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ असतो आणि तिथे कॅडमियम, शिसे, जस्त मुळांना कमी मिळतात. तेच धातू कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मोकळे फिरतात. म्हणून कोकणात पहिला उपाय चुना: माती तपासणीत सांगितलेल्या मात्रेने, सामू साडेसहाच्या पुढे जाईपर्यंत. देशावर चुना टाकायचे काही कारण नाही. दोन्हीकडे एकरी 8 ते 10 टन शेणखत किंवा कंपोस्ट द्या. ते धातूंना धरून ठेवते, आणि क्रोमियमचे घातक सहा-संयुजी रूप कमी घातक तीन-संयुजी रूपात बदलायला मातीतल्या जिवाणूंना मदत करते. धातूंच्या बाबतीत जिवाणूंचे खरे काम हे आहे. शिसे असेल तर स्फुरदयुक्त खताने ते न विरघळणाऱ्या खनिजात अडकते. पण आर्सेनिक असेल तर स्फुरद देऊ नका, ते आर्सेनिकला मातीपासून सोडवते. कॅडमियम असेल तर जस्ताची कमतरता राहू देऊ नका, कारण जस्त कमी पडले की मुळे त्याच्या जागी कॅडमियम जास्त ओढतात. खारे पाणीही टाळा, क्लोराइडमुळे कॅडमियम मोकळे होते.

मग वर काय लावायचे? पाटाच्या तोंडाशी, जिथे आकडे सगळ्यात वाईट आहेत, तिथे वाळा लावा. जूनमध्ये ठोंब फुटाफुटावर, पाण्याच्या वाटेला आडव्या ओळींत. त्याची मुळे वर्षभरात तीन मीटरपर्यंत खाली जाऊ शकतात, माती धरतात आणि उचललेला बराचसा धातू मुळांतच ठेवतात. एक गोष्ट मनावर घ्या: या वाळ्याची मुळे विकायची नाहीत. आपल्याकडे वाळा माठातल्या पाण्यात घालतात, सरबतात घालतात. ओढ्याकाठचा वाळा कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जाऊ नये. कोवळे पाते गुरे खातात, म्हणून कुंपण घाला.

मधल्या पट्ट्यात एरंड, ताग (दोरासाठी), झेंडू किंवा बांबू. एरंडाचे तेल खाण्यात येत नाही आणि धातू तेलात फारसा उतरत नाही. कापूस बरा वाटतो, पण सरकीची पेंड गाई-म्हशींच्या दाणीत जाते, त्यामुळे सरकी तपासल्याशिवाय नको. मुळांना मायकोरायझा (मुळांशी जोडून वाढणारी उपयोगी बुरशी) लावल्यास अशा जमिनीत रोपे तग धरतात, बुरशीचे धागे काही धातू स्वतःजवळ अडकवतात.

काय लावू नये ते अधिक महत्त्वाचे. पालक, मेथी, चुका, अंबाडी, कोथिंबीर या पालेभाज्या कॅडमियम सगळ्यात जास्त घेतात. त्यामागोमाग मुळा, गाजर, बीट. फळभाज्या आणि धान्यात तुलनेने कमी येते. शहरांजवळ नेमक्या पालेभाज्याच गटाराच्या पाण्यावर होतात, कारण त्या लवकर येतात आणि रोज पैसे देतात. त्यात शेतकऱ्याची नड असते हे मला कळते. तरीही त्या जुडीतला कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहतो, आणि ती जुडी आपल्या घरीही शिजते. कोकणात भात सोडता येत नसेल तर लोंब्या भरण्याच्या काळात खाचरात पाणी साठवून ठेवा. पाण्याखाली कॅडमियम गंधकाशी जखडते. आर्सेनिकच्या बाबतीत बरोबर उलटे होते, म्हणून आधी अहवाल पाहा.

कापलेल्या पिकाचे काय करायचे

धातू काढण्यासाठी मोहरी किंवा सूर्यफूल लावले असेल तर सगळी मेहनत या टप्प्यावर ठरते. फुलोऱ्यात असताना मुळासकट उपटा, माती झटकून तिथेच पाडा, ताडपत्रीवर वाळवा, वजन करा आणि एक नमुना तपासायला द्या. तो काडीकचरा बांधावर जाळला तर धातू राखेत आणि धुरात जातो. उकिरड्यात टाकला तर खतातून परत शेतात येतो. गुरांना घातला तर दुधात आणि काळजात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. नमुन्यात धातू जास्त आला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून त्यांच्यामार्फत माल तिथे पाठवा आणि वाहतुकीची पावती भरपाईच्या फायलीत लावा. ही सोय होत नसेल तर धातू ओढणारे पीक घेऊच नका, वाळा आणि एरंडावरच राहा.

फक्त क्षार असतील तर

पुष्कळदा अहवालात धातू काहीच निघत नाहीत, फक्त सोडियम आणि क्षार निघतात. ती दुरुस्ती वेगळी आणि सोपी आहे. सामू साडेआठच्या वर असलेली चुनखडीयुक्त चोपण जमीन असेल तर गंधक द्या. गंधकावर जगणारे थायोबॅसिलस जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्लाने चुनखडी विरघळते, सुटलेले कॅल्शियम सोडियमला जागेवरून हलवते. मग धैंचा एकरी 20 किलो पेरून 45 दिवसांनी, फुलोऱ्याआधी गाडा. हलवलेला सोडियम वाहून जायला चर हवेतच. चर नसतील तर तो उन्हाळ्यात केशाकर्षणाने परत वर येतो. सांगली-कोल्हापूर भागातल्यांनी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात आपला अहवाल दाखवून मात्रा ठरवून घ्यावी.

जमीन पुन्हा पिकाखाली आणताना

दरवर्षी एकाच महिन्यात, त्याच तीन भागांतून, त्याच प्रयोगशाळेत नमुने द्या. प्रयोगशाळा बदलली की आकडे हलतात आणि सुधारणा झाली की नाही ते कळत नाही. जखडण्याच्या मार्गात एकूण धातूचा आकडा तसाच राहील, कमी व्हायला हवा तो डीटीपीएचा. तो सलग दोन वर्षे शेजारच्या शेताच्या जवळपास आला, की शेताच्या शेवटच्या, सगळ्यात चांगल्या भागात दोन-तीन गुंठे टोमॅटो किंवा मका घ्या. माती नव्हे, फळ आणि दाणे तपासा. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात कॅडमियमची मर्यादा पालेभाज्यांसाठी किलोमागे 0.2 आणि पॉलिश केलेल्या तांदळासाठी 0.4 मिलिग्रॅम आहे. तपासणीत पीक संबंधित मर्यादेच्या बरेच खाली आले तर पुढच्या हंगामात मधल्या पट्ट्याकडे सरका. पालेभाजी सगळ्यात शेवटी, आणि पाटाच्या तोंडाशी लावलेला वाळा तिथेच राहू द्या.